‘पॉटवॉलपर’ला मराठीत काय म्हणावे?

मेधा : डब्लिनच्या उत्तरेला सोर्ड्स नावाचे गाव आहे. १८०० पर्यंत या छोट्या ‘बरो’तून आयर्लंडच्या हाऊस ऑफ कॉमन्सवर दोन सदस्य जात. तिथल्या मतदारांना ‘पॉटवॉलपर’ म्हणत. अनुवादात ‘घरमालक’ चालेल का? आणि ‘बरो’ला ‘नगर’?

अनंतराव : ‘घरमालक’ नको. घर भाड्याचे असले तरी मत होते. कसोटी चुलीची होती. मूळ शब्द ‘पॉटवॉलर’. त्यातल्या ‘वॉल’चा जुना अर्थ उकळणे, तो विसरला गेला, तेव्हा ‘वॉलप’ चिकटले. स्वतःच्या चुलीवर स्वतःचे भांडे उकळणारा तो मतदार. आपल्याकडे ‘त्यांची चूल वेगळी’ म्हणतात तेच हे, म्हणून ‘वेगळ्या चुलीचा मतदार’ म्हणा. पद्धतीला ‘चुलीमागे एक मत’. फक्त ‘चूलबंद’ची आठवण होऊन ‘चूल-मतदार’ असा जोडशब्द करू नका. चूलबंद आमंत्रणात घरची चूल पेटतच नाही, अर्थ नेमका उलटा होतो.

‘बरो’ म्हणजे नुसते नगर नव्हे, राजाची सनद असलेले गाव. पहिल्यांदा ‘बरो (सनदी कसबा)’ लिहा, पुढे ‘बरो’ पुरे.

रोहिणी : एक पुस्ती जोडते. सोर्ड्समध्ये सरसकट प्रत्येक चुलीला मत नव्हते; प्रोटेस्टंट असणे आणि निवडणुकीआधी सहा महिने तिथे राहणे आवश्यक होते. या सहा महिन्यांच्या अटीमुळेच गोंधळ झाला. जनरल एअर मॅसीने गावात घरे घेऊन, बांधून त्यांत आपल्या हाताखालचे जुने सैनिक बसवले. महसूल खात्याच्या जॉन बेरेसफर्डने त्याला तोड म्हणून आपले कर्मचारी आणून वसवले. चुली खऱ्या, मते मात्र आणलेली!

मेधा : मग सोर्ड्सला ‘पॉकेट बरो’ म्हणून ‘बालेकिल्ला’ लिहू का?

अनंतराव : मेधाताई, दोन्ही नको. बालेकिल्ल्यात मतदार स्वतः पाठीशी असतात. पॉकेट बरोत जागाच आश्रयदात्याच्या मालकीची असते, ती विकता येते, वारसाला देता येते. त्याला जवळचा शब्द ‘वतनी जागा’. उदाहरण मीथ परगण्यातल्या ट्रिमचे. तिथे वेलस्ली घराण्याचा शब्द चाले. १७९० मध्ये तिथून निवडून आलेला आर्थर वेलस्ली म्हणजे १८०३ मध्ये असईला शिंदे-भोसल्यांशी लढला तोच. सोर्ड्सवर असा एकाचा ताबा कधी पक्का बसला नाही, म्हणून तर ओढाताण.

‘रॉटन बरो’ पुन्हा वेगळा. मतदार जवळजवळ उरलेच नाहीत, तरी जागा शाबूत. त्याला ‘ओस मतदारसंघ’ म्हणावे; ‘सडका’ म्हटले की वाचक लाचखोरीच समजतो.

रोहिणी : वतन म्हणणे किती चपखल, ते भरपाईवरून कळते. १ जानेवारी १८०१ ला आयर्लंडची संसद ब्रिटनच्या संसदेत विलीन करणारा ॲक्ट ऑफ युनियन लागू झाला आणि आयर्लंडच्या ३०० जागांऐवजी लंडनमध्ये १०० उरल्या. ८४ बरोंच्या जागा गेल्या. प्रत्येकी १५,००० पौंड, एकूण १२,६०,००० पौंड देण्यात आले. ट्रिमसारख्या ठिकाणी रक्कम आश्रयदात्याची. सोर्ड्सला तसा धनी नसल्याने पैसा गावाकडे आला आणि त्यातून शाळा उभी राहिली. वास्तुकार फ्रान्सिस जॉन्स्टन. ‘ओल्ड बरो’ हे नाव त्या इमारतीने आजवर टिकवले आहे.

मेधा : म्हणजे ‘डिसफ्रँचाइज’ला ‘मताधिकार काढून घेतला’?

रोहिणी : बरोबाबत ‘प्रतिनिधित्व काढून घेतले’. सोर्ड्समध्ये ज्याच्याकडे ४० शिलिंग वार्षिक मोलाची फ्रीहोल्ड (कायम वा आजन्म हक्काची) जमीन होती, तो डब्लिन परगण्याच्या जागेसाठी मत देऊ शकत होता. ज्याच्याकडे नुसती चूल होती त्याचे मत मात्र खरोखर गेले. वाक्यात कर्म गाव आहे की माणूस, ते पाहून शब्द निवडा.