एमजी-१३२ दिलं की सेल्सच मरतायत, प्रोटीन कुठून दिसणार?

प्रश्न:
माझं प्रोटीन वेस्टर्न ब्लॉटवर (प्रोटीन बँडच्या रूपात दाखवणारी चाचणी) फारच फिकं येतं, सर म्हणाले प्रोटिअसोममध्ये (सेलमधलं प्रोटीन तोडणारं यंत्र) तुटत असेल, एमजी-१३२ (ते यंत्र बंद करणारं रसायन, म्हणजे इनहिबिटर) देऊन बघ. म्हणून हेला सेल्सना (लॅबमध्ये वाढवतात त्या मानवी कॅन्सर सेल्स) २० मायक्रोमोलर दिलं, रात्रभर, १६ तास. सकाळी बघते तर निम्म्या सेल्स गोल होऊन मीडियात तरंगतायत, उरलेल्या आक्रसलेल्या. तरी सेल्स फोडून लायसेट केलं, तर बँड आणखीच फिका आणि अ‍ॅक्टिनही (सगळ्या लेनमध्ये सारखा माल भरलाय का हे दाखवणारं प्रोटीन) कमी. मग प्रोटिअसोमचा संबंध नाही असं धरू का? दोन आठवडे गेले यात, रडू यायचं बाकी आहे.

उत्तर १:
अजिबात धरू नकोस! १६ तास फार झाले गं. प्रोटिअसोम इतका वेळ बंद राहिला की सेल अपॉप्टोसिसकडे, म्हणजे स्वतःहून मरण्याकडे जाते, मग कॅस्पेसेस ही तोडणारी एन्झाइम्स तुझं प्रोटीन तोडायला मोकळी. १० मायक्रोमोलर, ४ ते ६ तास एवढंच कर, शेजारी नुसत्या डीएमएसओची (एमजी-१३२ ज्यात विरघळवतात तो द्रव) प्लेट हवीच. आणि युबिक्विटिनचा (तोडायच्या प्रोटीनवर लागणारी खूण) ब्लॉट लाव, इनहिबिटर लागला असेल तर लेनच्या वरच्या भागात धूर पसरल्यासारखा काळा स्मिअर दिसतो. हेलामध्ये पी५३ हे प्रोटीन पण बघ, तिथे एचपीव्ही या विषाणूचं ई६ प्रोटीन त्याला सतत प्रोटिअसोमकडे धाडत असतं, त्यामुळे इनहिबिटर दिला की तो वर यायला हवा.

उत्तर २:
स्टॉक किती जुना आहे? एमजी-१३२ हा पेप्टाइड अल्डिहाइड आहे, ऑक्सिडाइज होऊन निकामी होतो. डीएमएसओमध्ये १० मिलिमोलर करून छोटे अ‍ॅलिकोट (वेगवेगळ्या ट्यूबमधले थोडे थोडे भाग) उणे २० ला ठेव, एकच ट्यूब परत परत वितळवू नको.

उत्तर ३:
वरचं सगळं बरोबर, पण बँड वाढला म्हणून लगेच प्रोटिअसोम लिहून मोकळी होऊ नकोस, कारण एमजी-१३२ कॅल्पेन आणि कॅथेप्सिन ही प्रोटीन तोडणारी दुसरी एन्झाइम्सही अडवतो आणि ही गोष्ट लोक सर्रास विसरतात. एपॉक्सोमायसिन किंवा बोर्टेझोमिब या दुसऱ्या प्रोटिअसोम इनहिबिटरने तेच दिसलं तर खरं. लायसोसोमची (सेलमधली प्रोटीन तोडायची दुसरी जागा) शंका असेल तर वेगळ्या प्लेटला ते अडवणारं बॅफिलोमायसिन. आणि सायक्लोहेक्झिमाइड चेस कर (नवीन प्रोटीन बनणं थांबवून जुनं किती वेगाने कमी होतं ते बघणं), नवीन प्रोटीन बनणं थांबवल्याशिवाय तुटणं कमी झालं की बनणं वाढलं हे कळणार कसं?

प्रश्नकर्ती:
तरंगणाऱ्या सेल्स मी मीडियाबरोबर ओतून दिल्या होत्या, म्हणून अ‍ॅक्टिन कमी! स्टॉकही मागच्या विद्यार्थ्याचा, तारीख नाही. उद्या नवीन व्हायल उघडते, ०, २, ४, ६ तास लावते आणि तरंगणाऱ्या सेल्सही स्पिन करून घेते. ब्लॉट आला की इथेच सांगते.