रात्री टॉवर क्रेनचा हात आपोआप फिरतो. ब्रेक गेला का?

वर्कशॉपवाला काका (छत्रपती संभाजीनगर)

मंडळी, एसटीच्या चिकलठाणा वर्कशॉपात ३१ वर्षं नोकरी झाली, त्यातली निम्मी ब्रेकच्या कामावर. आता रिटायर. बीड बायपासला पोराच्या फ्लॅटमध्ये राहतो, चौथा मजला. समोरच्या प्लॉटवर बावीस मजल्यांचं काम निघालंय. सकाळचा चहा झाला की मी गॅलरीत. बायको म्हणते, त्यांनी तुमची हजेरी मांडायला पाहिजे.

पहिल्या दिवसापासून बघायलो. वर कमरेइतकी काळी माती, ती दोन दिवसांत हायवात भरून गेली. खाली पिवळा मुरूम, तोही पोकलेनने निघाला. मग लागला काळा पाषाण. बकेट काढून ब्रेकर लावला, तो सव्वा महिना ठकठक. मांडणीतल्या वाट्या वाजायच्या.

खड्डा झाल्यावर बिल्डिंगचं काही सुरू व्हायच्या आधीच एका कोपऱ्यात सळयांचा वेगळा पिंजरा बांधला. सहा मीटर बाय सहा, दीड मीटर खोल. त्यात चार जाड लोखंडी पाय उभे केले आणि दोन माणसं दुर्बीण लावून दिवसभर ते पाय सरळ करत बसली. रात्री काँक्रीट, सहा घनमीटरचे नऊ मिक्सर. मी मोजले. त्यावर ओलं गोणपाट टाकलं आणि पुढं महिनाभर त्याला कुणी हात लावला नाही.

मागच्या आठवड्यात मोबाइल क्रेन आणून दोन दिवसांत टॉवर क्रेन उभी केली. त्यांची रीत बघून चक्रावलो. मागचा आखूड हात आधी, त्यावर वजनाचा एकच ठोकळा, मग पुढचा लांब हात, आणि राहिलेले ठोकळे सगळ्यात शेवटी.

आता खरा प्रश्न. रात्री काम बंद असतं, केबिनमध्ये कुणी नसतं, तरी तो लांब हात फिरतो. झोपायला जाताना सातारा डोंगराकडं होता, पहाटे बघतो तर आमच्या गच्चीवर! परवा रात्री दोनला वारं सुटलं तेव्हा तर सावकाश फिरताना डोळ्यांनी बघितला. खाली जाऊन वॉचमनला उठवलं. तो म्हणतो, "चाचा, हवा है, सो जाओ." ब्रेकवाल्या माणसाला असं सांगून झोप येते होय? ब्रेक गेला असेल तर कुणाला सांगायचं?

पाषाणभेद (परभणी, सध्या पुणे)

काका, साइट इंजिनिअर आहे, म्हणून सांगतो. ब्रेक गेलेला नाही. रात्री तो मुद्दाम सोडून ठेवतात.

लांब हाताला आम्ही जिब म्हणतो. पन्नास-साठ मीटरची जिब एका जागी जखडली आणि वारं आडवं लागलं, तर सगळा जोर खांबावर आणि खालच्या त्या चार पायांवर येतो. ब्रेक मोकळा असला की जिब वाऱ्याबरोबर वळते आणि वाऱ्याची पाठ धरून उभी राहते. शेतातल्या वातकुक्कुटासारखंच. मग वाऱ्याला धरायला कमीत कमी जागा मिळते. ऑपरेटरनं उतरताना ब्रेक सोडला नाही, तर ती खरी चूक.

कोपऱ्यातल्या ठोकळ्याचं तुम्हीच मोजलंय. सहा नव्वे ५४ घनमीटर, एका घनमीटरला अडीच टन धरा, १३५ टन झाले. क्रेनला आडवं पडू न देणं हेच त्याचं काम. महिनाभर थांबले ते काँक्रीट पिकायला. ओततानाच १५ सेंटीमीटरचे ठोकळे भरून ठेवतात आणि ७ व २८ दिवसांनी लॅबमध्ये दाबून फोडतात. आकडा आल्याशिवाय वर लोखंड चढवायचं नसतं. दुर्बिणीचं म्हणाल, तर दीड मीटर रुंद खांबाला खाली एक मिलिमीटर फरक राहिला, की चाळीस मीटरवर तोच अडीच सेंटीमीटरच्या पुढं जातो.

आणि पाषाण लागला म्हणजे काम फत्ते असं समजू नका. आपल्याकडं लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये कुठं कुठं गेरूसारखा तांबडा मऊ थर निघतो. वरून खडक टणटणीत वाजतो आणि खाली मऊ. म्हणून आधी ड्रिल मारून खडकाच्या कांड्या काढून बघतात. खोदाईच्या आधी तिपाईवालं मशीन आलं असेल, आठवतंय का?

वर्कशॉपवाला काका

आलं होतं! मला वाटलं बोअर घ्यायलेत. आमच्या सोसायटीनं तर पाणी किती फुटांवर लागलं म्हणून चौकशीला माणूस पाठवला होता.

१३५ टन. प्रवाशांनी भरलेली लालपरी सोळा टन धरली, तर आठ गाड्या पुरल्या की राव त्या कोपऱ्यात.

पण एक गोष्ट पचत नाही. आमच्या गाडीत टाकीतली हवा गेली की स्प्रिंगचा ब्रेक आपोआप लागतो, चाक जागचं हलत नाही. बिघाड झाला की गाडी थांबली पाहिजे, हेच डोक्यात बसलेलं. आणि तुम्ही म्हणता, मोकळं सोडलं तरच धोका नाही.

हुकाखालचा (कंधार)

काका रामराम. मी रिगर आहे, क्रेन जोडणाऱ्या टोळीत. जेवायला बसलोय, म्हणून थोडक्यात लिहितो.

तुमची गाडी जमिनीवर उभी असते, तिला वारं पाडत नाही. आमचं धूड वाऱ्यातच उभं.

हाताचा क्रम असा का, तर सगळे ठोकळे आधी मागं टाकले आणि पुढं काहीच नसलं तर खांब मागं ओढला जाईल. जिब आधी लावली आणि मागं काहीच नसलं तर पुढं. म्हणून थोडं मागं, मग पुढं, मग राहिलेलं मागं. किती ठोकळे आधी ठेवायचे ते कंपनीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, तिथं अंदाज चालत नाही. वारं वाढलं की आम्ही खाली उतरून बसतो, मुकादम कितीबी ओरडला तरी.

रात्री एवढं बघा. हूक वर ओढलेला पाहिजे, त्याला काही लटकलेलं नको, ट्रॉली, म्हणजे हूक घेऊन जिबवर मागं-पुढं पळणारी गाडी, बहुतेक क्रेनमध्ये खांबाजवळ आणून ठेवतात. आणि जिबला मोठा बॅनर बांधला असेल तर साइटवर जाऊन सांगा. वाढदिवसाचा असला तरी सांगा. बॅनर म्हणजे शीड, मग जिब वाऱ्याला नीट फिरत नाही.

लातूरची लेक

माझं माहेर औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ ला मी नऊ वर्षांची होते. बावीस मजले ऐकलं की अजून पोटात गोळा येतो. तुम्ही सगळे वाऱ्याचं बोलताय, जमीन हलली तर?

पाषाणभेद

ताई, किल्लारी तेव्हाच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होतं. २००२ ला नकाशा बदलला आणि तो भाग जास्त धोक्याच्या, तिसऱ्या झोनमध्ये गेला. तिकडं माणसं मेली ती दगड-मातीच्या जाड भिंतींखाली, भिंतीच्या दोन्ही बाजूंचे दगड एकमेकांना बांधलेलेच नव्हते. नव्या इमारतीत सळ्या आणि त्यांना वेढून बांधणाऱ्या कड्या भूकंप धरूनच घालतात. घालतात म्हणजे घालायला पाहिजेत. ते काकांसारखा कुणी गॅलरीत बसून बघत असला तर बरं.

वर्कशॉपवाला काका

ताई, कड्यांमधलं अंतर गॅलरीतून दिसत नाही, चष्म्याचा नंबर वाढलाय. नाहीतर तेही मोजलं असतं.

हुकाखालचे भाऊ, काल रात्री उठून बघितलं. हूक वर, रिकामा. ट्रॉली खांबाला चिकटलेली. बॅनर नाही. वारं पश्चिमेचं होतं आणि हात बरोब्बर चिकलठाण्याकडं. बायकोला उठवून दाखवला. ती म्हणाली, रिटायर झालात तरी तिकडंच तोंड. आणि झोपली.

बोल्ट जोडताना ते टॉर्क पान्यानं आवळत होते. ते परत कधी तपासतात? काल सकाळपासून एकही माणूस वर चढलेला दिसला नाही.