गाओकाओची धास्ती: दोष आईबापांचा की व्यवस्थेचा?

टिटवी
दर वर्षी 7 जूनला चीनमध्ये गाओकाओ, म्हणजे विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा, सुरू होते. 2024 साली 1 कोटी 34 लाख मुलं बसली होती. माझं मत: पोरांच्या पोटात गोळा येतो तो पेपरमुळे कमी, घरच्यांमुळे जास्त. आन्हुई प्रांतातल्या माओतानचांगला, गाओकाओच्या तयारीसाठी प्रसिद्ध असलेल्या गावात, आया कामधंदा सोडून, खोली भाड्याने घेऊन राहतात. का, तर लेकाला वेळेवर गरम जेवण मिळावं. समोर आईचा त्याग वाढून ठेवलेला असताना घास उतरेल का?

काळा_चहा
आईबापांना झोडपणं सोपं आहे हो. पंधराव्या वर्षी तिथे जोंगकाओ, म्हणजे नववीनंतरची प्रवेशपरीक्षा, असते. तिच्यातच मुलांचा मोठा हिस्सा व्यवसाय शिक्षणाकडे वळवला जातो. वर हुकोउची भानगड: कुटुंबाची नोंदणी ज्या प्रांतात, परीक्षा बहुतेकांना तिथूनच द्यावी लागते. बीजिंगमध्ये बांधकामावर राबणाऱ्याचा मुलगा हेनानला परत जातो. तिथे उमेदवारांची ही गर्दी, आणि नामांकित विद्यापीठांच्या जागा तुटपुंज्या. ही भीती बापाने घातली?

टिटवी
तो मुलगा बहुधा आजीपाशी वाढतो. आईबापांचा फोन आला की पहिला प्रश्न मार्कांचा. हाही दबावच.

खडीसाखर
शहरी घरांचं काय? 2015 पर्यंत सरकारी नियमाने एकच मूल, म्हणजे दोन आईबाप आणि चार आजी-आजोबांच्या आशा एकट्यावर. 2021 मध्ये सरकारने नववीपर्यंतच्या शालेय विषयांच्या नफ्यावर चालणाऱ्या शिकवण्या बंद केल्या. ज्यांना परवडलं त्यांनी गुपचूप घरी मास्तर बोलावले.

टिटवी
बघा! बोलावले कोणी? आईबापांनीच ना?

काळा_चहा
जागा तेवढ्याच ठेवून क्लास बंद केले, तर दुसरं काय होणार?

निलंगेकर
आमच्या लातुरातही आया खोल्या घेऊन राहतात.

टिटवी
लातूरसाठी वेगळा धागा काढा, नाहीतर चीन राहील बाजूला.

काळा_चहा
एक विसरू नका. माओच्या सांस्कृतिक क्रांतीत बंद पडलेली ही परीक्षा 1977 साली परत सुरू झाली. 57 लाख बसले, पावणेतीन लाखांच्या आसपास निवडले गेले. त्या क्रांतीत शहरांतून शेतावर धाडलेली कितीतरी पोरं त्या एका पेपरावर शहरात परतली. आज ती आजोबा झालीत. त्यांना सांगून बघा, परीक्षेचं एवढं मनावर घेऊ नका म्हणून.

टिटवी
आजोबांना नाही सांगणार. पण त्यांनी एकदा परीक्षा दिली म्हणून नातवाने रोज द्यायची?