मारवाडी घोडी तापट असते म्हणतात, पण आम्ही बघितली ती तर गाय आहे! घ्यावी का?

सासवडची_आई:
नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या. मुलगी १४ वर्षांची, तीन वर्षं झाली पुण्याजवळच्या एका रायडिंग क्लबात शिकतेय, ट्रॉट कँटर (दुडकी चाल, संथ दौड) व्यवस्थित जमतं, छोट्या उड्या पण मारते, आणि आता घरचं घोडं हवं म्हणून वर्षभर माझं डोकं खातेय. सासवडला सासऱ्यांची जागा आहे, शेड आहे, पाणी आहे, कामाला कायमचे एक मामा आहेत ज्यांच्या वडिलांचा टांगा होता, त्यामुळे खरारा, चंदी (दाणा), नाल हे त्यांना सांगावं लागत नाही. म्हणजे अगदीच हवेतला बेत नाहीये.

गोंधळ असा झालाय की ज्याला विचारावं तो जातीवरच सुरू होतो. क्लबातले सर म्हणतात मारवाडी नको, डोकं गरम, एकदा बुजली की आवरत नाही. मावसदीर म्हणतात रेसचं थरोब्रेड स्वस्तात मिळेल पण तो सुतळी बॉम्ब आहे, वात कधी पेटेल सांगता येत नाही. कुणी म्हणतं काठेवाडी घ्या, इमानी असतात, त्यावर दुसरा म्हणतो इमानी कसले, हट्टी असतात. शेजारचे आजोबा म्हणाले जात राहू दे, आधी अंगावरचे केसांचे भोवरे बघ, शुभ की अशुभ.

आणि गेल्या रविवारी दौंडकडे एकांकडे मारवाडी घोडी बघून आलो. कुमैत रंग (तपकिरी अंग, काळी आयाळ), कपाळावर टिकली, नऊ वर्षांची, कानांची टोकं एकमेकांना टेकलेली. तासभर होतो आम्ही. पोरगी गळ्यात पडली तरी हलली नाही, मालकांचा चार वर्षांचा नातू तिच्या पोटाखालून इकडून तिकडे गेला (माझा जीव वर!) तरी ढिम्म. मग मी आता कुणाचं खरं मानू, मारवाडी तापट म्हणणाऱ्यांचं की माझ्या डोळ्यांचं?

उगाच_एक:
त्या पैशात स्कूटी येईल ताई, आणि तिला चंदी पण लागत नाही.

सासवडची_आई:
स्कूटी हाक मारली की मान वळवत नाही हो.

तापीकाठ:
ताई, आमचं गाव सारंगखेड्याला लागूनच, दत्तजयंतीला तिथं तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो त्यात आजोबांपासून आमची दावण लागते, म्हणून बोलतो. मारवाडी तापट हे अर्धंच खरंय. तिला चटकन कळतं, पाय उचलता असतो, कान गरकन मागेपर्यंत फिरवते, तुम्हाला ऐकू यायच्या आधी तिला आलेलं असतं. आता लगाम जरा हलला तरी कळणाऱ्या एवढ्या हलक्या तोंडाच्या जनावराला कुणी काटेरी लगाम घातला (१९६५ च्या नियमांपासून बंदी आहे पण घालणारे अजून घालतातच) आणि ढोलापुढे नाच शिकवला तर ते काय करणार? नाचऱ्या घोडीला शिकवलेलं असतं की लगाम आवळला, टाच लागली, की जागच्या जागी उड्या मारायच्या. मग तीच घोडी कुणी हौशी माणूस फिरायला घेतो, घाबरून लगाम आवळतो, घाबरून टाचाही आवळतो, ती बिचारी इमानेइतबारे नाचायला लागते, आणि हा पडल्यावर सगळ्या गावाला सांगत सुटतो की मारवाडीच्या डोक्यात हवा असते भो. अरे तिनं शिकवलेलं केलं ना!

आमच्याकडे दोन सख्ख्या बहिणी होत्या, आई तीच, नर तोच, दोन वर्षांचं अंतर. थोरलीवर घरातली सगळी पोरं बसायला शिकली, एक पडलं तर ती तिथंच थांबून वास घेत बसायची. धाकटी मात्र कुणी पाठ केली की टोपी उचलायची, दंडाला धरायची, आणि तीच आमच्या आजीच्या हातून गूळ खाताना ओठसुद्धा लागू द्यायची नाही. जात एक, घर एक, चंदी एक. आता सांगा.

पण गाय दिसली म्हणून भुलू नका. गिऱ्हाईक यायच्या दिवशी सगळ्याच घोड्या गायी असतात. पहाटे दमवलेली असेल, चंदी तोडलेली असेल, एखादा सुईसुद्धा देतो. पुन्हा जा, न सांगता, सकाळी. आगाडी-पिछाडी (पुढचे-मागचे बांधायचे दोर) तुमच्यासमोर सोडायला लावा, खोगीर तुमच्यासमोर चढवायला लावा, आणि सोबतच्या जनावरापासून लांब एकटी रस्त्याला न्या. वरातीत लावलेली होती का ते मालकाला विचारू नका, गावातल्या चहावाल्याला विचारा.

ट्रॅकनंतर:
त्या मावसदिरांना माझा नमस्कार सांगा, माझ्याकडे तो बॉम्ब सहा वर्षं आहे आणि दुपारी उन्हात आडवा पडून घोरतो.

जातीचं काहीच नसतं असं मी म्हणणार नाही. थरोब्रेडची सगळी नरांची वंशावळ इंग्लंडात आणलेल्या तीन घोड्यांपर्यंत जाते, १७९१ पासून त्यांचं स्टड बुक (वंशावळीची नोंदवही) आहे, आणि तेव्हापासून निवड झाली ती पळण्यावर, स्वभाव कुणी विचारला नाही. त्यामुळे कातडी पातळ, रक्त गरम हे आहेच. पण ज्याला लोक वेडेपणा म्हणतात त्यातलं निम्मं ट्रॅकचं वळण असतं. दोन वर्षांचं शिंगरू असतं तेव्हाच शर्यतीत उतरतं. दिवसातले बावीस तास खोलीत. जॉकीला चालत्या घोड्यावर पाय धरून वर फेकतात, म्हणजे माणूस चढताना थांबायचं असतं हे त्याला कुणी कधी सांगितलेलंच नाही. आणि लगामावर जोर आला की थांबायचं नाही, त्या जोरावर टेकून आणखी पळायचं, हे त्याला पक्कं ठाऊक. मी आणला तेव्हा रिकिबीत पाय ठेवला की निघाला, ओढला की आणखी निघाला, मी एका पायावर लंगडी घालत मागे. आठ महिने हेच. आम्ही चढायला एक जुना स्टूल ठेवला, चढलं की गाजराचा तुकडा, आता स्टूल दिसला की स्वतः येऊन बाजूला उभा राहतो. आळशी आहे, लबाड आहे, शेळीला घाबरतो (एकच शेळी, पांढरी, का ते देवाला माहीत). त्याच आठवड्यात त्याच तबेल्यातून मित्रानं एक घोडी आणली, तीही थरोब्रेड, ती अजून ट्रक गेला की घामाने निथळते. तिला तो काढणार नाही, पण पोरीला तिच्यावर बसवणारही नाही.

कोथरूड_ते_लीड्स:
इकडे ब्रिटनमध्ये हाच घोळ वेगळ्या नावांनी चालतो. कॉब (इथलं ठेंगणं, दणकट घोडं) म्हणजे सोफासेट, अरबी म्हणजे वेडा, तांबूस रंगाची घोडी म्हणजे तर बघायलाच नको, तिच्या रागावर लोक विनोद करतात. रंगाचं शोधायला गेले तर तांबूस घोडे जास्त भांडखोर असल्याचं काही निघालं नाही, उलट अनोळखी वस्तूजवळ जायला ते जरा धीट निघाले. जातींचा एक अभ्यास २००८ साली आला होता, आठ जाती घेतल्या, घोड्यांना रोज ओळखणाऱ्यांकडून स्वभावाला गुण देऊन घेतले. अरबी आणि थरोब्रेड घाबरटपणात-चंचलपणात वर आले, ते अपेक्षितच, पण त्यांच्या शेजारी वर कोण तर वेल्श पोनी, जी इथं सरसकट लहान मुलांना देतात! म्हणजे जातीचा फरक दिसतो, पण मनातली यादी आणि ती यादी जुळेलच असं नाही. शिवाय एकाच जातीत हे टोक ते ते टोक असतंच. माझी मुलगी शिकते त्या शाळेतला ‘सोफासेट’ कॉब दर शनिवारी दाराची कडी जिभेने काढून बाकीच्यांनाही सोडतो.

जुनाजाणता:
हे सगळं ठीक. पण पूर्वज मूर्ख नव्हते. कंठावर देवमण असेल तर डोळे मिटून घ्या, डोळ्याखाली भोवरा म्हणजे आसूढाळ, फुकट दिली तरी दारात बांधू नका. चारी पाय आणि तोंड पांढरं, पंचकल्याणी, मिळाली तर उत्तमच.

गुरांचा_डॉक्टर:
काका, आदर ठेवून बोलतो. आसूढाळ म्हणून एक घोडं मी बारा वर्षांत पाच मालकांकडे बघितलं. पहिल्याकडे अतिशय गुणी होतं, मीच लस टोचायचो, मान खाली घालून उभं राहायचं. मालकाच्या घरात काही वाईट घडलं, खापर भोवऱ्यावर, विकलं. दुसऱ्याला कळलं, त्यानंही विकलं. प्रत्येक ठिकाणी नवा माणूस, नवा हात, थोडा मार, थोडी उपासमार. पाचव्याकडे ते खरंच लाथ मारायला लागलं होतं आणि तो मला म्हणाला, बघा डॉक्टर, आसूढाळ! मी काय बोलणार. जातीचंही असंच होतं. मारवाडी आहे म्हणून आधीच लगाम आखडून धरायचा, थरोब्रेड आहे म्हणून भीत भीत जवळ जायचं, मग ते जनावर आपल्यालाच घाबरतं.

ताई, तुमच्या प्रश्नाचं. जात बघा, पण शेवटी बघा. आधी बघायची ती आई, म्हणजे शिंगरू असताना आईपाशी माणूस कसा वागायचा. फ्रान्समध्ये एक प्रयोग झाला होता, शिंगराला हात लावलाच नाही, फक्त पहिले काही दिवस त्याच्यासमोर आईला शांतपणे खरारा केला, तेवढ्यानं ती शिंगरं पुढे माणसाजवळ सहज यायला लागली. नऊ वर्षांच्या घोडीचं हे कळणं कठीण, पण मालकाच्या घरचीच पैदास असेल तर विचारा. दुसरं, ‘स्वभाव’ म्हणून मला दाखवायला आणतात त्यातला मोठा हिस्सा दुखणं असतो. घोड्याच्या पोटात आम्ल सारखं पाझरत असतं, चारा असो नसो, त्यामुळे दोन वेळा चंदी टाकून मधे रिकामं ठेवलं की अल्सर. मग तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना चावते. दाताला धार आली की लगाम नको म्हणते. घोडी असेल तर माज, साधारण एकवीस दिवसांचं चक्र, त्या चार-सहा दिवसांत शहाणीसुद्धा वेड्यासारखी वागू शकते आणि तुम्ही नेमकं त्याच दिवशी बघायला गेलात तर? म्हणून एकदा नाही, तीनदा जा.

दस्तुरीनाका:
माथेरानला आमच्या घरची तीन घोडी चालतात, वर बाहेरच्या मोटारी येत नाहीत त्यामुळे घोडं लागतंच. जात विचाराल तर कुणालाच माहीत नाही, थोडं हे थोडं ते. पण स्वभाव कुणीही सांगेल. एक म्हातारं जे आजीबाईंना देतो, ते उतारावर आपणहून हळू होतं. दुसऱ्याला पुढे दुसरं घोडं चालत नाही, त्याला सगळ्यात पुढेच पाहिजे, म्हणून कॉलेजच्या पोरांना देतो. तिसरी माकडाला बुजत नाही पण लाल मातीत पडलेल्या चिप्सच्या चमकत्या पिशवीला बुजते. ताई पिशवी घेऊन जा सोबत, वाजवून बघा.

नीरेकाठचा:
कुणीच आपल्या भीमथडी तट्टाचं नाव घेईना म्हणून मी घेतो. धनगरांच्या वाड्याबरोबर फिरताना बघितलीच असतील, पाठीवर बिऱ्हाड, त्यावर कोंबड्या, त्यावर पोर, आणि घोडं दोरीशिवाय मेंढरांच्या मागं चाललंय. ज्या तट्टांवर मराठे अटकेपर्यंत गेले त्यांची आत्ता कुठे वेगळी जात म्हणून सरकारी नोंद झाली, तोवर आपण ‘तट्टू’ ही शिवी म्हणून वापरली. उंची बेताची, दिसायला झोकदार नाही, क्लबात कुणी वळून बघणार नाही. पण हायवेवर ट्रकच्या शेजारनं चालतं ते. तुमच्या गावावरूनच जातात की वाडे.

सासवडची_आई:
सगळ्यांचे आभार, अपडेट देते. काल साडेसहाला न सांगता गेलो, मामांना घेऊन. आधी चहावाला. वरातीत लावली होती, दोन सीझन, मालकांनी सांगितलं होतं कधीच नाही म्हणून. घोडी पेंगत उभी होती, चंदीची बादली वाजली तशी खिंकाळली. सोबतची म्हैस सोडून नेली तर पाच मिनिटं आरडाओरडा केला, मग चारा खायला लागली. चिप्सची पिशवी वाजवली, तिने येऊन ती चाटली! रस्त्याला एकटी नेली, ट्रॅक्टर गेला, कान फिरवले, बस.

पण खोगीर आणल्याबरोबर कान मागे पाडले आणि तंग ओढताना मामांच्या कोपराला धरायला गेली. मालक हसून म्हणाले, मारवाडी आहे, तेवढं चालायचंच. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी खोगीर उतरवलं आणि खांद्याच्या वर, पाठ सुरू होते तिथं बोट फिरवलं. दोन्ही बाजूंना रुपयाएवढे पांढऱ्या केसांचे ठिपके. मी इतका वेळ बघत होते, मला दिसलेच नव्हते.

गुरांचा_डॉक्टर:
खोगीर लागून जखम झाली होती तिथं, बरी झाल्यावर केस पांढरे आले. बहुधा तेच खोगीर अजून वापरताहेत. पाठ दाबून बघून घ्या, दात आणि पोटाचंही बघा, तुमच्या माणसाकडून, त्यांच्या नाही. व्यवहार त्यानंतर. आणि जुनं खोगीर फुकट दिलं तरी आणू नका.

तापीकाठ:
म्हैस पण विकत घ्या ताई, नाहीतर रात्रभर ओरडेल. नाव काय घोडीचं?

सासवडची_आई:
मालक बिजली म्हणतात. पोरीनं गाडीतच दुसरं ठरवून टाकलंय, पण शुक्रवारी डॉक्टर येऊन जाईपर्यंत कुणाला सांगायचं नाही अशी मला शपथ घातलीय.