चिपळूणजवळ खाडीकडेला घर बांधायचंय, जोतं किती उंच घेऊ?

वाशिष्ठीकाठ : नमस्कार मंडळी, आमचं जुनं चिऱ्याचं (जांभा दगडाचं) घर 22 जुलै 2021 च्या पुरात गेलं, म्हणजे भिंती उभ्या राहिल्या पण मातीतलं बांधकाम होतं ते सगळं सुटलं. 2005 ला पाणी पडवीपर्यंतच आलेलं म्हणून आम्ही सामान खाटेवर ठेवलं नि बसून राहिलो, पहाटे बघता बघता छातीपर्यंत पाणी. आईला कौलं काढून वर घेतलं. आता त्याच जागेवर बांधायचंय, मिस्त्री म्हणतो भराव टाकून सहा फूट जोतं घे. बरोबर आहे का?

साईटवरचा : भराव नको रे दादा. तुझं घर वर येईल पण पाणी शेजाऱ्याच्या दारात जाईल, आणि वाहत्या पाण्याने भरावाची कडा कापली की जोत्याला तडे. त्यापेक्षा कॉलमवर घे, खाली मोकळं ठेव, पाण्याला जायला वाट हवी. खाली फक्त गाडी, लाकूडफाटा. आधी पूररेषेचा नकाशा बघ पण. निळी रेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणारा पूर, तिच्या आत नवीन बांधकामाला परवानगी नाही, लाल म्हणजे 100 वर्षांतला. या दोन्हींच्या मधे असशील तर राहायच्या मजल्याची फरशी लाल रेषेच्या पातळीच्या वर पाहिजे. आणि खारी हवा आहे, कॉलममधल्या सळईला कव्हर, म्हणजे सळईबाहेरचा काँक्रीटचा थर, दोन इंच सोडायला लाव, मिस्त्री इंचभरच सोडतात, मग दहा-बारा वर्षांत सळई गंजून काँक्रीट फुटतं.

दिवेआगरकरीण : पाण्याचं बोलताय पण वाऱ्याचं पण बघा. 3 जून 2020 ला निसर्ग वादळात आमचे पत्रे माडाच्या शेंड्यात सापडले. घर कॉलमवर उंच केलं की वारा अजून लागणार. दोन पाखी छपरापेक्षा चौपाखी, म्हणजे चारी बाजूंना उतार असलेलं करा, वळचण फार बाहेर काढू नका कारण वारा तिथूनच छप्पर उचलतो, आणि वासे भिंतीच्या वरच्या बीमला बोल्टने बांधून घ्या, नुसते ठेवलेले नकोत.

वाशिष्ठीकाठ : ताई हे डोक्यातच नव्हतं, थँक्यू. भिंती चिऱ्याच्याच ठेवू ना?

साईटवरचा : ठेव की. फक्त मातीत नको, सिमेंटमधे बांध. चिरा पाणी पितो पण वाळतोही, आतून सिमेंटचा गुळगुळीत गिलावा केलास तर ओल आतच राहते, चुन्याचा कर. विजेचे बोर्ड, मीटर डोक्याच्या वर. आणि माळ्यावरून छपरावर निघायला एक झडप नक्की ठेव, आत शिडी, आईला चढता येईल अशी.