कोलारच्या सोन्याच्या खाणी: विजेचे आणि विज्ञानाचे गाव

पुण्यातून बेंगळुरूला जाणाऱ्यांनी कोलार गोल्ड फील्ड्स या कर्नाटकातील जुन्या सोन्याच्या खाणींच्या गावाला वाट वाकडी करावी का, या प्रश्नावर कुणीतरी "तिथे आता मातीच्या ढिगांखेरीज काही नाही" असे लिहिले आहे. ते मला पटत नाही. मुळात ते ढीग साध्या मातीचे नाहीत. दळलेल्या खडकातून सायनाइडच्या साहाय्याने सोने काढून घेतल्यावर उरलेला तो राखाडी, बारीक चुरा आहे आणि वारा सुटला की तो आजही वस्तीवर उडतो.

१८८०च्या सुमारास जॉन टेलर आणि सन्स या कंपनीने येथे पद्धतशीर खाणकाम सुरू केले. पुढे १९०२ साली कावेरीवरील शिवनसमुद्रम येथील वीज सुमारे १४७ किलोमीटर लांबीच्या तारांवरून या खाणींना मिळू लागली, तीही बेंगळुरूच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागण्याआधी. येथील चॅम्पियन रीफ ही खाण तर तीन किलोमीटरहून अधिक खोल गेली होती.

याच खोलीमुळे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने येथे प्रयोग केले, कारण वरचा खडक अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांतील बहुतेक कण अडवतो. वातावरणात निर्माण होणारे न्यूट्रिनो, म्हणजे खडकातूनही आरपार जाणारे अतिसूक्ष्म कण, १९६५ साली येथेच नोंदवले गेले, आणि माझ्या मते या गावाची ही ओळख सोन्याइतकीच मोलाची आहे.

२००१ साली खाणी बंद झाल्या. जाणाऱ्यांनी बंगारपेटहून मारिकुप्पमची रेल्वे धरावी आणि शाफ्टवरचे (खाणीत उतरण्याच्या उभ्या विवरांवरचे) लोखंडी मनोरे अवश्य पाहावेत. आत मात्र परवानगीशिवाय शिरू नये.