मदत हवी आहे: गव्हर्नर जॉर्ज क्लार्क आणि त्यांची इंजिनिअरिंग

टिळकांच्या 1908 च्या खटल्यावेळी मुंबईचे गव्हर्नर असलेले सर जॉर्ज क्लार्क, म्हणजे पुढचे लॉर्ड सिडनहॅम, मूळचे रॉयल इंजिनिअर्समधले, म्हणजे ब्रिटिश लष्कराच्या इंजिनिअर दलातले. त्यांच्यावर वाचनालयात दहा मिनिटं बोलायचंय.

इंग्लंडमधला भाग जुळला आहे: 1871 पासून कूपर्स हिलच्या (हिंदुस्थानासाठी इंजिनिअर घडवणाऱ्या) कॉलेजात अध्यापन, 1890 मध्ये तटबंदीवरचा ग्रंथ, वुलविचचा तोफगाडे कारखाना. 1901 ते 1903 ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियाचे गव्हर्नर, मग साम्राज्य संरक्षण समितीचे सचिव. अडलंय ते मुंबईत, 1907 ते 1913.

मराठीत जे सापडतं ते सगळं टिळकांच्या शिक्षेपाशी आणि गिरणी कामगारांच्या सहा दिवसांच्या संपापाशी थांबतं. साहजिकच आहे म्हणा. सिडनहॅम कॉलेजचं नाव त्यांच्यावरून पडलं, हेही माहीत आहे. मुंबईचं गॅझेटिअर चाळलं, पण ते 1909-10 चं, त्यामुळे पुढचं त्यात नाही.

मी पुण्यात असतो, मुंबईच्या पुराभिलेखागारात एकच दिवस जाता येईल. रस्ते, भराव, शहरविस्तार यांत या माणसाने स्वतः लक्ष घातलं का, हे पाहायला तिथे नेमक्या कोणत्या खात्याचे दप्तर मागवू?